एकदा बघून सांगता?

पहिली भेट झाली तीच मुळी टेबलाखाली, आणि तीही कपाळावर कपाळ आपटून!

शामला सर्व्हरच्या मागची केबल शोधत इकडून टेबलाखाली शिरली होती आणि तीच केबल ओढत तिकडून कोणीतरी रांगत येत होता. ठण्णकन आवाज झाला. डोळ्यांपुढचे काजवे जरा विझले, तेव्हा तिला दिसली एक भरघोस मिशी आणि मिशीखाली दाबून धरलेलं हसू.

"लागलं का हो?"

"छे, फुलं पडली अंगावर!" शामला कपाळ चोळत फणकारली.

"वा! म्हणजे स्वागत झालं आपलं… मी सूर्याजी. मुरारहून आलोय, लाइन टाकायला."

सन दोन हजारचा नोव्हेंबर होता. राज्याचे नुकतेच दोन भाग झाले होते, आणि ग्वाल्हेरच्या त्या सरकारी कचेरीचेसुद्धा. कपाटांवर, पंख्यांवर, खुर्च्यांच्या पाठींवर खडूनं 'छ' लिहिला जात होता. 'छ' म्हणजे छत्तीसगड, म्हणजे हे सामान रायपूरला जाणार. माणसांवर खडू चालत नाही, म्हणून त्यांची यादी निघायची होती. आणि शामलाच्या सर्व्हरमधली सोळा जिल्ह्यांची कागदपत्रं शेजारच्या हॉलमधल्या नव्या यंत्रांत उतरवायची होती. सर्व्हर शामलाचा. हॉलमधला स्विच, म्हणजे यंत्रं जोडणारा डबा, आणि मधली केबल सूर्याजीची.

"मॅडम, तुमचं नेटवर्क कार्ड कशावर ठेवलंय? फुलवर, म्हणजे दोन्हीकडून एकदम बोलणारं, की ऑटोवर, आपलं आपण ठरवणारं? त्या हिशेबानं मी माझा स्विच लावतो."

"फुलवर. मी स्वतः केलंय, दिवाळीच्या आधी."

"एकदा बघून सांगता?"

"सांगितलं ना!"

त्या 'ना'मध्ये काय तोरा होता म्हणून सांगू! बाईसाहेब भोपाळला पंधरा दिवसांचं ट्रेनिंग करून आल्या होत्या. दौलतगंजातल्या घरी त्याचं सर्टिफिकेट काचेत लावलेलं होतं. बघून सांगायचं म्हणजे शंका घेणं झालं की!

"ठीक है जी," सूर्याजी म्हणाला आणि त्यानं आपला स्विच फुलवर पक्का करून टाकला.

आणि सुरू झालं रडगाणं. छोटी चिठ्ठी पाठवली की टुणकन पोचायची, पण जिल्ह्याची मोठी फाइल सोडली की मध्येच अडकायची. शामलाच्या पडद्यावर कार्डाच्या चुकांचा आकडा भराभर चढत जायचा. पाठवताना टक्कर, पाठवताना टक्कर… कचेरीचे प्रमुख गोपाळकृष्ण साहेबांनी विचारलं, "काय गडबड आहे?" शामलानं त्याच दुपारी नोटशीट लिहिली, शुद्ध सरकारी हिंदीत. सर्व्हर निर्दोष आहे. दोष केबल आणि स्विचच्या बाजूचा आहे. संबंधित तंत्रज्ञाचं काम असमाधानकारक आहे. हे शेवटचं वाक्य तर तिला इतकं आवडलं की सही करण्याआधी तिनं ते दोनदा वाचलं.

मग सूर्याजी रोज यायला लागला. कधी केबलची टोकं कापून नवी बसवायची, कधी ती ट्यूबलाइटपासून लांब न्यायची, एकदा तर अख्खी केबलच बदलली. तो भिंतीपलीकडे हॉलमध्ये आणि शामला अलीकडे.

"पाठवू?" ती ओरडायची.

"पाठवा!"

"आलं?"

"रायगढ जिल्ह्यापर्यंत आलं… अटक गया!"

असं दिवसभर चालायचं. टायपिस्ट लीलाताई चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "काय गं, तुम्ही फाइली पाठवताय की निरोप?" शामला लाल व्हायची आणि उगाच कीबोर्ड पुसायची.

एका सकाळी धुकं इतकं होतं की समोरचं दिसेना. सूर्याजी मफलर गुंडाळून आला आणि तिच्या टेबलावर तीळगुळाच्या गजकीचा पुडा ठेवला.

"हे कशाबद्दल?"

"कपाळाची भरपाई."

"इतक्या उशिरा?"

"आमचं सगळंच उशिरा पोचतं, मॅडम… बघताय ना, लाइन खराब आहे."

शामला हसली. गजक तोंडात विरघळत होती, तोच तिला ती नोटशीट आठवली. एकदा वाटलं, साहेबांकडून तो कागद परत मागून घ्यावा. पण कुठल्या तोंडानं मागायचा? राहिलंच ते.

लीलाताईंनी त्याला एकदा विचारलंसुद्धा, "अरे, हिच्या सर्व्हरचीच खोट नसेल कशावरून?"

सूर्याजीनं मानेनंच नाही म्हटलं. "शामलाजींनी सांगितलंय, फुल आहे म्हणून. त्यांनी सांगितल्यावर पुन्हा काय विचारायचं?"

त्या दिवशी शामला घरी गेली ती जमिनीपासून दोन बोटं वरूनच. पोरगी प्रेमात पडली होती, दुसरं काय!

शुक्रवारी यादी लागली. लीलाताई धापा टाकत आल्या. "शामला, सूर्याजीचं नाव आहे गं रायपूरला! तिकडे मुरारात म्हातारी आई एकटी, गुडघे धरलेली, जिना उतरायला तोच हात देतो… आणि कारण काय लावलंय माहीत आहे? तुझी नोटशीट! हरकत घ्यायला उद्या संध्याकाळपर्यंत मुदत आहे."

काहीतरी सापडायलाच हवं होतं, त्याचा दोष नाही असं दाखवणारं काहीतरी. शामला सर्व्हरसमोर बसली, आणि दहा दिवसांत पहिल्यांदा तिनं स्वतःच्या कार्डाची स्थिती उघडून बघितली.

ऑटो. हाफ.

तिनं डोळे चोळले. पुन्हा वाचलं. हाफच!

दिवाळीत वीज गेली होती, सर्व्हर बंद होऊन पुन्हा चालू झाला होता. फुलची ओळ चालू होतानाच्या फाइलीत लिहून ठेवायची असते, ते ती विसरली होती. म्हणून कार्ड मुकाट्यानं ऑटोवर परतलं होतं. आणि समोरचा स्विच फुलवर पक्का असला की बिचाऱ्या ऑटोला काही उमगत नाही, ते घाबरून हाफ धरतं. तो स्विच बोलता बोलता ऐकणारा. हिचं कार्ड आळीपाळीनं बोलणारं. दोघं एकदम बोलले की टक्कर. त्याची केबल पहिल्या दिवसापासून चांगली होती. तो फक्त एकाच गोष्टीत चुकला होता, त्यानं तिचा शब्द खरा मानला होता.

शामलाचे कान तापले. कोणी बघत नव्हतं, तरी मान वर करवेना. ती ओळ तिनं फाइलीत लिहिली, कार्ड फुलवर केलं आणि बस्तरची फाइल सोडली. चुकांचा आकडा जागीच थांबला.

"आलं! अहो, सगळं आलं!" भिंतीपलीकडून आरोळी आली. पाठोपाठ सूर्याजी धावत आत आला, हातात केबलची टोकं बसवायची पकड तशीच. "बघितलंत? आज सकाळी टोक बदललं ना, त्यानं झालं! जाता जाता का होईना, जमलं बघा मला!"

इतकं लख्ख हसत होता तो! शामलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसली असती तर कोणाला काय कळणार होतं? तेवढ्यात गोपाळकृष्ण साहेब आलेच. "शाबास, शामला! तुझ्या नोटशीटनं कामाला लागला बघ हा."

"साहेब…" ती खुर्चीवरून उठली. "टोक बदलल्यानं नाही झालं. चूक माझी होती. कार्ड हाफवर होतं… मी न बघता फुल सांगितलं. यांनी बघायला सांगितलं होतं, तरी नाही बघितलं. ती नोटशीट खोटी आहे."

लीलाताईंचं टायपिंग थांबलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे लेखी देशील?"

"देते."

"तुला मेमो मिळेल. सर्व्हिस बुकात लागेल तो."

"लागू दे, साहेब."

तिनं तिथंच उभ्यानं लिहिलं. सर्व्हर सदोष होता. तंत्रज्ञाचं काम चोख आहे. साहेबांनी कागद घेतला, त्यावर 'नाव वगळावे, शिफारस' असं लिहिलं आणि शिपायाला हाक मारली. सूर्याजी पकड टेबलावर ठेवून बाहेर निघून गेला.

साहेबांसमोर बोलणं सोपं होतं हो. खरं अवघड पुढेच होतं.

तो मागच्या जिन्यावर उभा होता. थंडीतला बारीक पाऊस लागला होता. शामला दोन पायऱ्या वर थांबली.

"रागवा ना माझ्यावर," ती म्हणाली.

"आठ वेळा टोकं कापली मी," तो पावसाकडे बघत म्हणाला. "रात्री झोपताना वाटायचं, हात गेला आपला. आईला म्हटलं, आता मला काम येत नाही."

शामलाच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं. "माफ करा म्हणायलाही लाज वाटते. तुम्ही माझा शब्द खरा धरलात, आणि मी तुमच्यावर खापर फोडलं."

त्यानं कठड्यावरचं पाणी बोटानं निपटलं. मग मिशीत काहीतरी हललं.

"आठांतली दोन टोकं चांगली होती."

"म्हणजे?"

"काहीच बिघडलं नव्हतं त्यांचं. कापून टाकली… दुसऱ्या दिवशी यायला कारण हवं होतं. लाज मलाही आहे, शामलाजी."

ती रडता रडता हसली, आणि हसल्याची लाज वाटून पुन्हा रडली. तो एक पायरी वर आला.

"एक विचारू? तुमच्या मनात… माझ्याबद्दल काही आहे?"

'आहे' अगदी ओठांवर आलं होतं. शामलानं तोंड उघडलं, मिटलं.

"घाई नाही," तो हळूच म्हणाला. "एकदा बघून सांगता?"

या वेळी तिनं खरंच बघितलं. डोळे मिटून, शांतपणे, अगदी तळापर्यंत. पाऊस पडत राहिला, खाली कोणीतरी 'छ' लिहिलेलं कपाट ओढत नेत होतं, आणि तो तिथंच थांबला होता.

"बघितलं," शामला म्हणाली. "आहे."