थट्टा सोडून

"सर, माझी जागा बदलून द्या. शेजारी बेंबा बसलीय, माझ्या डब्याचं काही खरं नाही."

पहिल्या शनिवारी मी त्याच्या तोंडून ऐकलेलं पहिलं वाक्य हे. हजेरीत माझं नाव पुकारलं, प्रिस्का कसुबा, आणि शेजारच्या खुर्चीतला उंच, करड्या केसांचा माणूस उठून उभा राहिला नि हे बोलला. वर्गात आम्ही अठराजण, सगळे कुठे ना कुठे साहेब. कुणी बँकेत, कुणी सिमेंटच्या कारखान्यात, मी एका डेअरीत एचआरची प्रमुख. पन्नाशीच्या आसपासची माणसं कोऱ्या वह्या आणि नवे पेन घेऊन बसलेली... ती सगळी फिदीफिदी हसायला लागली.

मी सावकाश चष्मा पुसला. "आपलं नाव?"

"जेरे. मावुतो जेरे. चिपाटाचा."

"म्हणजे न्गोनी. सर, मग आधी टेबलाखाली बिळं आहेत का ते बघा. उंदरांचा वास आल्याशिवाय हा माणूस लुसाकापर्यंत यायचा नाही."

तो खुश झाला. इतका खुश की खाली बसताना त्याने आपली वही माझ्या बाजूला सरकवली आणि पेन मागितलं. त्याच्या खिशात दोन पेनं होती, ती मला दिसत होती.

बेंबा आणि न्गोनी या आमच्याकडच्या दोन जमाती. आम्ही बेंबा वानरं खातो आणि न्गोनी उंदीर खातात, असं शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. आमच्या पणजोबांनी एकमेकांवर भाले चालवले, मग दमले, आणि यापुढे फक्त तोंडं चालवायची असं ठरलं. तेव्हापासून आमचं थट्टेचं नातं. पहिल्या भेटीपासून अरे-तुरे. काहीही बोला, समोरच्याने राग धरायचा नाही. लग्नात थट्टा, बारशात थट्टा, मयतात तर पाहुण्यांआधी थट्टेची भावंडं हवीत, तो मानच असतो. आणि अनोळखी बाईला "काय गं बायको" अशी हाक मारली तरी चालते. या शेवटच्या सवलतीने माझा घात केला.

आमची ही मॅनेजमेंटमधली डॉक्टरेट नोकरी सांभाळून करायची होती, म्हणून वर्ग फक्त शनिवारी. पहिल्याच तासाला प्राध्यापक म्हणाले, "तुम्हाला सगळं माहीत आहे, हीच तुमची अडचण आहे. वीस वर्षं हुकूम सोडलेत. आता प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. समोरचा काहीही बोलो, चेहरा हलता कामा नये." आम्ही शहाण्या मुलांसारखं ते लिहून घेतलं. मी तर खाली दोन रेघा मारल्या.

जेरे एका तेलाच्या गिरणीचा जनरल मॅनेजर होता. शुक्रवारी सकाळी चिपाटाहून बस पकडायचा, आठ तास हाडं खिळखिळी करून घ्यायचा, आणि शनिवारी माझ्यासाठी भाजलेल्या शेंगांची पुडी काढायचा.

"उंदीर संपले होते बाजारात. यावर भागव, बायको."

"बायको म्हणतोस आणि पुडी एवढीशी?"

"अर्धी मीच खाल्ली. बसमध्ये तुझी आठवण झाली."

अशी वाक्यं तो अगदी सहज टाकायचा, आणि मी ती रविवारभर उलटून पालटून बघायची. माझा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, त्याची बायको जाऊन पाच. आड येणारं कुणी नव्हतं. आड येत होती ती थट्टा. दुसरा कुणी पुरुष असं बोलला असता तर मी एका शनिवारात ओळखलं असतं. न्गोनी बोलला तर बेंबा बाईने काय समजायचं?

वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो नेहमी थांबायचा, कठडा धरून.

"दमलास?"

"छे. आम्ही न्गोनी लढवय्ये. मागे वळून बघतोय, बेंबा पाठलाग करतेय का."

"करतेय की," मी बोलून गेले... आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी माझे कान तापले. तो नुसता बघत राहिला, दम लागलेला, आणि हसू मात्र डोळ्यांत मावत नव्हतं. तो तिथे का थांबतो हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

ऑक्टोबरात आवारातल्या जकरंदाची जांभळी फुलं पायाखाली चिकचिक व्हायची. एकदा त्याच्या कोटाच्या खांद्यावर एक पडलं. मी झटकायला हात पुढे केला.

"राहू दे," तो म्हणाला. "चिपाटापर्यंत येतंय का बघू."

"कोमेजेल."

"कोमेजलेलं चालतं मला. स्वतःकडे बघून सवय झालीय."

हे मात्र थट्टेसारखं वाटलं नाही. पण मी लगेच म्हटलं, "उंदरांना घालशील ते," आणि तो क्षण विस्कटला. माझी जीभ माझी वैरीण आहे.

माझ्या प्रबंधाचा विषय होता, मोठ्या हुद्द्यावरची माणसं खुर्ची कशी सोडतात. मला अशी वीस माणसं हवी होती. सोळा मिळाली होती. अडीच वर्षं संपत आली, मार्चमधला वर्गाचा शेवटचा शनिवार आला, आणि जेरे चहाचा पेला खाली ठेवत म्हणाला, "मी जूनमध्ये गिरणी सोडतोय. सतरावा म्हणून घे मला."

"का सोडतोयस?"

"ते तुझ्या प्रश्नावलीत असेल ना? मग विचार. फुकट कशाला सांगू?"

आम्ही तळमजल्यावरच्या एका छोट्या खोलीत बसलो. बाहेर पाऊस भुरभुरत होता. टेबलावर रेकॉर्डर, संमतीपत्र, आणि दोन बाजूंना आम्ही दोघं, एकाएकी परके. मी नियम वाचून दाखवले. नाव कुठे येणार नाही, फक्त सतरा हा आकडा. टाइप केलेली मुलाखत आपल्याकडे येईल. चौदा दिवसांत आपण हवी ती ओळ खोडू शकता. खोडलेली ओळ बोललीच गेली नव्हती असं धरलं जाईल. त्या चौदा दिवसांत मी आपल्याशी संपर्क करणार नाही.

"म्हणजे इथे थट्टा चालणार नाही?"

"रेकॉर्डर चालू असताना नाही."

"अवघड आहे, समोर बेंबा असताना," असं म्हणून त्याने सही केली.

तो तासभर बोलला. मी त्याचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. हाताखालच्या माणसाला हळूहळू सगळं कसं शिकवलं, आता तो विचारायला येत नाही तेव्हा कसं सारखं दाराकडे लक्ष जातं, डॉक्टरांनी छातीकडे बोट दाखवून जिने आणि काळज्या दोन्ही कमी करा म्हणून कसं सांगितलं. मी चेहरा हलू दिला नाही. मग प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न आला. तो मी सगळ्यांना विचारते आणि सगळे "नाही, काही नाही" म्हणून उठतात.

"मी विचारलं नाही, पण आपल्याला सांगायचं आहे, असं काही?"

तो गप्प राहिला. पागोळ्या मोजता आल्या असत्या इतका वेळ.

"आहे," तो म्हणाला. "गिरणी सोडणं जमलं मला. खुर्ची, गाडी, शिपायाचा सलाम, सगळं सोडणं जमेल. शनिवार सोडणं जमणार नाही. कसुबा... थट्टा सोडून सांगतो. बायको म्हणून हाक मारतो ना तुला, ती पहिले दोन महिने थट्टा होती. नंतर नव्हती."

माझ्या हातात प्रश्नावली होती. तिच्या तळाशी जाड अक्षरात छापलेलं समारोपाचं वाक्य होतं. कानात प्राध्यापक बजावत होते, समोरचा काहीही बोलो, चेहरा हलता कामा नये. मी ते छापलेलं वाक्य वाचलं.

"आपण दिलेल्या वेळेबद्दल मनःपूर्वक आभार. आता मी रेकॉर्डिंग थांबवते."

आणि बटण दाबलं.

देवाशपथ, मला आनंदाने काही सुचत नव्हतं म्हणून मी जे समोर छापलेलं होतं ते वाचलं. पण त्याला काय ऐकू गेलं असेल? तो क्षणभर रेकॉर्डरकडे बघत राहिला. मग कसनुसा हसला.

"आभार कसले," म्हणाला. "बस चुकेल माझी." टोपी उचलली आणि गेला. मी दार उघडून बाहेर आले तोवर तो फाटकाजवळ पोचला होता, पावसात, एकदाही मागे न बघता.

तेव्हाच धावत जाऊन सांगायला हवं होतं. पण मी म्हटलं, नीट सांगू. साहेबीण ना मी. दोन दिवसांत मुलाखत टाइप केली. शेवटच्या उत्तराआधी नियमाप्रमाणे कंसात लिहिलं, नऊ सेकंद शांतता. कागद पाकिटात घातले, चिपाटाच्या बसने धाडले आणि दिवस मोजायला लागले.

चौदा दिवस. त्याने ती ओळ खोडली तर ती बोललीच गेली नव्हती. मग मी कशाच्या आधारावर बोलणार? नाही खोडली, तर मी फोन करून माझं वाक्य म्हणणार. ते तयार होतं. डेअरीत पगारवाढीच्या बैठकीत बसून मी ते मनात घोकत होते. "जेरे, थट्टा सोडून, हो." बस, एवढंच. शंभरदा फोन उचलला आणि शंभरदा ठेवला, कारण संपर्क करणार नाही असं मीच वाचून दाखवलं होतं. वेडेपणाच होता तो. तीन माणसांना नोकरीवरून काढताना माझा हात कापला नाही, आणि एक नियम मोडायला धजला नाही.

बाराव्या दिवशी, गुरुवारी, बसच्या पार्सल खिडकीवर त्याचं पाकीट आलं. मी तिथेच उभ्याउभ्या फोडलं. प्रत्येक पानावर सही. एकही उत्तर खोडलेलं नाही. शेवटच्या पानावर फक्त माझी ओळ खोडली होती, नऊ सेकंद शांतता, आणि तिच्या डोक्यावर त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, "शांतता कसली? धीर गोळा करत होतो."

मी भर स्टँडवर हसले. चौदा दिवस गेले खड्ड्यात, म्हटलं, आणि फोन लावला.

एका मुलीने उचलला. "मी त्यांची मुलगी, थोकोझानी. कोण बोलतंय?"

"मी कसुबा. लुसाकाहून. बाबांना दे ना जरा."

ती हळूच म्हणाली, "मावशी, बाबा मंगळवारी सकाळी गेले. गिरणीत, जिन्यावर. उद्या माती आहे."

पाकिटावरचा शिक्का सोमवारचा होता.

पुढचं मी कसं केलं मला आठवत नाही. रात्रीची बस मिळाली, कमरेला चितेंगेचं काळं कापड गुंडाळलं, मांडीवर ते पाकीट. आठ तास तोच रस्ता, जो तो दर आठवड्याला माझ्याकडे येताना तुडवायचा. मला वाटत होतं, गर्दीत मागे कुठेतरी बसेन, रडेन, परत येईन. कुणाला काय माहीत मी कोण.

सकाळी त्याच्या घरी पोचले. बायका चटयांवर बसल्या होत्या, मध्ये शवपेटी, झाकण उघडं. मी दारात वाकून बेंबा भाषेत नमस्कार केला, तोंडून दुसरी भाषा निघेचना. कोपऱ्यातली एक म्हातारी, त्याची आत्या, एकदम ताठ झाली.

"बेंबा आली गं," ती म्हणाली. "उंदीर झाका."

रडता रडता बायका हसल्या. वाट केली, मला पेटीजवळ ढकललं, आणि सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. थट्टेचं भावंड आलं होतं. आता मी बोलायला हवं होतं, मेलेल्याला चिडवायला हवं होतं. तो मान माझा होता आणि टाळता येत नव्हता.

मी वाकून बघितलं. त्याला तोच करडा कोट घातला होता. खांद्यावर काही नव्हतं.

"ए उंदीरखाऊ," मी म्हटलं. "ऊठ. हे काय वागणं झालं? मला विचारलंस आणि उत्तर न ऐकता पळालास?"

बायका खुदखुदल्या.

"काय विचारलं गं त्याने?" आत्याने माझ्या बोलण्याला टेकू दिला, रीतच आहे तशी.

"मला बायको म्हणाला, आत्या. अडीच वर्षं म्हणत होता. मी हो म्हणायला आलेय." मी पेटीची कड धरली. "ऐकतोयस ना? थट्टा सोडून, हो. हो म्हणतेय मी. मी याची बायको आहे, माझ्याशिवाय याला नेऊ नका."

घर हसण्याने भरून गेलं. दाराशी उभे असलेले पुरुषसुद्धा डोळे पुसत हसत होते. थोकोझानी चार दिवसांत पहिल्यांदा हसली, असं मागून कुणीतरी म्हणालं. मी पेटीवर कपाळ टेकलं आणि मोठ्याने रडत राहिले, मला थांबवेना, आणि मी जितकी रडत होते तितके ते हसत होते.

आत्याने मला उठवून जवळ घेतलं, माझ्या पाठीवर थोपटलं.

"पुष्कळ बेंबा पाहिल्या मी मयतात," ती सगळ्यांना म्हणाली. "पण इतकं हुबेहूब रडायचं सोंग कुणाला जमलं नव्हतं."