पेंटरच्या हातची शेवटची गाडी

"खबरदार त्या गाडीला हात लावशील तर!"

जिन्यावरून तो आवाज आला आणि थोरलीच्या हातातली पेन्सिल जागच्या जागी थांबली. आवाज बाबांचा होता... खालच्या वर्कशॉपात पाऊल टाकायचं नाही अशी जणू प्रतिज्ञाच केलेले बाबा, थोरलीला काही सांगायचं तर आईच्या तोंडून सांगणारे बाबा, आज अनवाणी पायांनी, कठडा धरत तरातरा खाली उतरत होते! मागोमाग आई, भांडी घासता घासता उठलेली, हात तसेच ओले.

समोर किल्लीवाल्याची जुनी व्हॅन उभी होती. 'कुलूप बिघडलं? किल्ली हरवली? आम्ही आहोत!' ही तिच्या अंगावरची ओळ बाबांनी ब्रशने रंगवली, तेव्हा लहानगी थोरली रंगाचा डबा धरून शेजारी उभी होती आणि नाकाच्या शेंड्यापर्यंत पिवळी झाली होती. आता किल्लीवाल्याने नवी गाडी घेतली होती, जुनी विकली होती, आणि नव्या मालकाला ती कोरी करकरीत हवी होती. जमिनीवर खरवडायची पाती होती, बादली होती, गरम हवेचं यंत्र होतं. बाबांना तेवढंच दिसलं. गाडीच्या अंगाला चिकटवलेला पातळ कागद आणि त्यावर थोरलीने गिरवलेली अर्धी ओळ त्यांना दिसली नाही. रागाच्या भरात माणसाला हवं तेवढंच दिसतं.

"एवढी एक उरली होती! शहरभरातून माझं एकेक अक्षर खरवडून काढलंस, त्या जागी तुझ्या मशीनच्या चिकटपट्ट्या लावल्यास. मी हूं की चूं केलं नाही. पण ही शेवटची... ही पण? अगं, बाप अजून जिवंत आहे! त्याच्या डोळ्यांदेखत तरी पुसू नको त्याला!"

बोलण्यासारखं थोरलीकडे पुष्कळ होतं, पण इतकी वर्षं जे गिळलं ते आज ओकायचं कसं? तिने नुसती मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी मात्र तिला विचारून थोडंच थांबणार होतं!

खरी गोष्ट तिला आणि आईला, दोघींनाच ठाऊक होती. बाबा म्हणजे या भागातले 'पेंटर'. पाववाला असो, नळवाला असो, लाँड्रीवाला असो, नवी गाडी घेतली की पहिल्यांदा पेंटरकडे यायची. पण एके दिवशी दूधवाला थोरलीला हळूच बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, पेंटरना सांगू नका, वाईट वाटेल त्यांना... पण या वेळी रेघ जरा हललीय." थोरलीने पाहिलं. रेघ हलली होती. त्यानंतर दुपारी बाबांचा डोळा लागला की ती बारीक ब्रश घेऊन त्यांच्या अक्षरांच्या कडा गुपचूप सरळ करायची, आणि गिऱ्हाईक यायच्या आत हात धुऊन मोकळी व्हायची. पुढे पुढे मात्र झाकावं तरी किती, अशी गत झाली. परगावच्या एका मोठ्या स्टुडिओने तिला नोकरीला बोलावलं होतं, तिकडे तिने नकार कळवला, विनाइलची, म्हणजे चिकटपट्टीची, अक्षरं कापायचं मशीन घरी आणलं आणि काळजावर दगड ठेवून बाबांना सांगितलं, "ब्रशचे दिवस गेले, बाबा. लोकांना आता विनाइल हवंय." तुमचा हात थरथरतो, हे वाक्य तिच्या जिभेवर आलंच नाही. लेकीने धंद्यापायी बापाची कला मोडीत काढली, हा बोल तिने आनंदाने आपल्या माथी घेतला. आनंदाने म्हणायचं आपलं... आतून ती रोज थोडी थोडी तुटत होती.

"आता मात्र पुरे झालं!" आई एकदम कडाडली. ही बाई एरवी इतकी शांत, की शेजारणी तिला 'थंडाई' म्हणायच्या. "पोरीने माझ्या तोंडाला कुलूप घातलंय म्हणून मी गप्प होते. अहो, तुमचा हात थरथरायला लागला होता! लोक कुजबुजत होते. तुम्हाला कुणी नाकारलं असं वाटू नये म्हणून हिने सगळा दोष स्वतःवर ओढून घेतला... आणि तुम्ही तिच्याशी बोलणं टाकलंत!"

ज्या एका घावापासून थोरलीने त्यांना एवढं जपलं, तो शेवटी बसलाच होता!

बाबा व्हॅनला टेकून उभे राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मला ठाऊक होतं."

"काय?" थोरलीने मान वर केली.

"चहाची बशी वाजते माझ्या हातात, मला कळणार नाही? आणि माझ्या अक्षराची कड दुसऱ्या ब्रशने कुणी सरळ केली, तर पेंटरला दिसणार नाही, असं वाटलं तुला? मी वाट बघत होतो, पोरी... आज बोलेल, उद्या बोलेल. बाबा, तुमचा हात राहिला, आता तुम्ही नुसते शेजारी बसा आणि सांगा, असं म्हणेल. तू मशीन आणलंस आणि म्हणालीस, ब्रशचे दिवस गेले. म्हणजे माझा हातच नव्हे, मी अख्खाच नको झालो!"

"तुम्हाला सहन होणार नाही असं वाटलं हो, बाबा!"

"आणि तू माझ्याशी खोटं बोललीस, ते सहन होईल असं वाटलं?"

थोरलीने ज्याला त्याग समजून उराशी धरलं होतं, त्याने या वृद्ध जिवाला केवढं एकाकी केलं, हे तिला आज प्रथमच उमगलं आणि ती लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडू लागली. आपला तो मानी बापही काही कमी नव्हता म्हणा! तोंड उघडायचं सोडून मनात अढी धरून वर जाऊन बसला. शेवटी लेक कुणाची?

रडता रडता तिचा धक्का लागला आणि व्हॅनवरचा कागद सुटून बाबांच्या पायाशी आला. त्यांनी तो उचलला.

"हे काय?"

"तुमची अक्षरं," ती नाक ओढत म्हणाली. "पुसायच्या आधी गिरवून घेते. सगळ्या गाड्यांवरची घेतलीत."

तिने त्यांना दंडाला धरून कॉम्प्युटरपाशी नेलं. पडद्यावर अक्षरं उमटत गेली... पाववाल्याच्या गाडीवरचा गुबगुबीत 'ब', नळवाल्याचा 'न', दूधवाल्याचा 'ध'. प्रत्येक दांडी खाली येताना किंचित डावीकडे झुकणारी आणि शेवटी ब्रश उचलल्यासारखी निमुळती. जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या अक्षरांत ती निमुळती उचल नव्हती.

"पण ही इथे ठेवून उपयोग काय?"

"ठेवलेली नाहीत, बाबा. बाहेर बघा ना!"

समोर लाँड्रीची गाडी कपडे उतरवत होती. विनाइलची गाडी दिसली की तोंड फिरवायचं, हा बाबांचा आजवरचा नेम, आणि तो त्यांनी इतका कडक पाळला होता की सगळ्या गल्लीने जे पाहिलं ते यांनी एकट्यानेच पाहिलं नव्हतं. आज त्यांनी निरखून पाहिलं. बघता बघता रस्ता ओलांडून ते गाडीपर्यंत गेले आणि 'इस्त्री' या शब्दावरून त्यांनी बोट फिरवलं. विनाइलखाली हवेचा एकही बुडबुडा नव्हता. दरवाजाच्या फटीत एकही अक्षर अडकलेलं नव्हतं, मूठ दोन शब्दांच्या मधोमध अशी बसवली होती, जणू गाडीच ओळ बघून बनवली असावी. आणि अक्षर त्यांचं होतं. त्यांच्या भरातल्या दिवसांतलं!

"मी मेलो असतो तरी चालत राहिलं असतं की गं हे..." ते पुटपुटले आणि तिथेच रस्त्यात लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. लाँड्रीवाला गाठोडं हातात धरून बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्लीवाल्याची नवी गाडी आली. जुनीच ओळ हवी, पण खाली 'छत्री दुरुस्ती'ही घाला, असा त्याचा निरोप होता. हल्ली कुलपांपेक्षा छत्र्याच जास्त मोडतात म्हणे! थोरलीने शब्द जुळवले आणि बाबा खुर्चीतून पुढे वाकले.

"हा 'छ' कुणाचा? पाहुणा वाटतो."

"तुमचा 'छ' मला कुठल्याच गाडीवर सापडला नाही."

बाबांनी कागद ओढला आणि जाड पेनाने 'छ' काढला. रेघ थरथरली... पोटात थरथरली, शेपटीत तर फारच.

"मी असाच ठेवते, बाबा."

"मुळीच नाही!" पेंटर गरजले. "गाडी गिऱ्हाइकाची आहे, कौतुक करायला आपलं घर नाही. रस्त्यापलीकडून वाचता आलं पाहिजे. पडद्यावर उतरव हा, आणि घे तो तुझा उंदीर हातात. पोट जरा आत घे... अंहं, एवढं नको, उपाशी दिसतोय... हां! आता शेपटी खाली, सावकाश... सावकाश... बस! उचल!"

तिने उचलला. पडद्यावर त्यांचाच 'छ' होता, तरणाबांड, ठाम. थोरलीला वाटलं, आयुष्यभर शिकले ते एका बाजूला आणि ही सकाळ एका बाजूला. बाबांचा हात हलला होता, नजर तसूभरही हलली नव्हती.

मग मशीनने अक्षरं कापली. तिने सुरीच्या टोकाने त्यांच्या पोटातलं जास्तीचं विनाइल अलगद उचलून काढलं, गाडीच्या पत्र्यावर साबणाचं पाणी शिंपडलं, ओळ टेकवली आणि रबरी पट्टीने मधून कडांकडे पाणी निपटत नेलं. अक्षरं धरून ठेवणारा वरचा कागद सोलताना ती श्वास रोखून होती, आणि बाबाही.

तेवढ्यात किल्लीवाला आला. गाडीकडे पाहून त्याने आ वासला.

"पेंटर! पुन्हा ब्रश धरलात की काय? हात तर पूर्वीपेक्षाही साफ पडलाय!"

आई जिन्यात थांबली. हो म्हणायला बाबांना काहीच लागत नव्हतं, आणि त्यांनी हो म्हटलं असतं तर थोरलीला मनापासून आनंदच झाला असता.

"मी नाही," बाबा म्हणाले. "माझा हात आता थरथरतो. हे माझ्या लेकीचं काम आहे. अक्षर माझं असेल, पण एवढी नीट ओळ मला जन्मात जमली नव्हती."

थोरली वळली आणि केव्हाच पक्की बसलेली 'छ'ची कड अंगठ्याने पुन्हा पुन्हा दाबत राहिली.