‘ठेवाल’ आणि ‘ठेवशील’

“तुम्ही मला बाहेर काढलंत.”

तिनं मान वर केली. टेबलापुढे एक उंच, जरासा वाकून उभा राहणारा माणूस होता. केस पावसानं ओले, हातात अर्धा प्यालेला चहाचा कप, आणि चेहऱ्यावर तक्रार कमी, गंमत जास्त.

“मी?”

“तुम्हीच. ड्रॉइंग उघडं ठेवून जरा खाली चहाला गेलो. वर येऊन बघतो तर सॉफ्टवेअर म्हणतं, जागा नाही.”

“जरा म्हणजे किती, ते मला इथे दिसतं,” ती पडद्याकडे बघत म्हणाली. “जेवायच्या सुट्टीपासून तुम्ही माउसला हातसुद्धा लावलेला नाही.”

“विचार करत होतो.”

“विचार करायला लायसन्स लागत नाही.”

यावर तो इतका मोकळा हसला, की शेजारच्या टेबलावरच्या हिशेबनीस मैत्रिणीनं चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं.

त्या कंपनीत पुलांची, पाइपलाइनींची आणि कारखान्यांच्या सांगाड्यांची डिझाइनं होत. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर इतकं महाग, की प्रत्येकाला वेगळं घेऊन दिलं असतं तर कंपनीचं दिवाळंच वाजलं असतं. म्हणून थोडीच लायसन्स घेतली होती, सगळ्यांत मिळून. जो आधी उघडेल त्याला जागा, त्यानं बंद केलं की ती पुढच्याला. घरात माणसं भरपूर आणि बाथरूम एक, त्यातलाच प्रकार. आणि आत कोण अडून बसलंय ते बघून दार ठोठावायचं काम हिचं. सगळे तिला चावीताई म्हणायचे. तोंडावर प्रेमानं, पाठीमागे जरा कमी प्रेमानं.

तो पाइपलाइनच्या टीममध्ये नवा आला होता. तिनं मनातल्या मनात त्याचं नाव पाइपवाला ठेवलं, आणि आठवड्याभरात ते फोनवर तोंडातून निसटलं.

“पाइपवाले, उठा आता. दुसरी माणसं ताटकळलीत.”

“उठतो. पण आधी सांगा, आज आवाज असा का? सर्दी?”

“लायसन्स सोडा.”

“सोडतो. आलं घालून चहा घ्या…”

मग तिच्या लक्षात आलं, की हा गडी मुद्दाम करतोय. काम संपलं तरी फाइल उघडी ठेवून बसायचा, हिचा फोन येईपर्यंत. एकदा तिनं जिन्यात गाठलंच त्याला.

“तुम्ही जागा उगाच अडवून ठेवता. कशासाठी?”

“तुम्हाला फोन करायला काहीतरी निमित्त नको का?” तो म्हणाला, आणि दोन दोन पायऱ्या उतरत खाली गेला. ती कठड्याला हात टेकून तशीच उभी राहिली. राग यायला हवा होता. आला नाही.

घरी आईच्या नजरेतून काही सुटत नसे. “हल्ली ऑफिसला जाताना आरशापुढे फार वेळ लागतो,” ती भाजी निवडता निवडता म्हणाली. “कुणी असेल तर सांग बाई. मी काही खात नाही कुणाला.”

“कुणी नाही गं आई.”

म्हणजे घरून आडकाठी नव्हती. हे पुढे तिला फार आठवायचं. आड आलं ते दुसरंच काहीतरी.

पूल डिझाइन करणाऱ्या टीमनं तक्रार केली. साहेबांनी तिला आत बोलावलं, खुर्ची दिली, आणि पेपरवेट फिरवत म्हणाले, “हे बघा, मी काही म्हणत नाही. पण लोक बोलतात. आमचं लायसन्स न विचारता बंद करतात आणि पाइपवाल्यांना मात्र आधी फोन जातो, असं.”

ते खरं होतं. इतरांना ती एका क्लिकसरशी बाहेर काढायची. फोन करायची तो एकालाच. आजवर आपल्या कामाकडे कुणी बोट दाखवलेलं नाही, याचा तिला केवढा अभिमान. कानशिलं तापली तिची.

“आता ही सामायिक भानगडच नको,” साहेब म्हणाले. “टीमप्रमाणे वाटणी करून टाका. ज्याचा वाटा त्याच्यापाशी. वाटणी तुम्हीच करा, पण अशी करा की कुणाला बोलायला जागा राहता कामा नये.”

दुसऱ्या दिवशी ती खाली चहाच्या खोलीत गेली तेव्हा बाहेर पाऊस लागून राहिला होता. खिडकीशी पूलवाले तिघे उभे होते, टेबलाशी मैत्रीण कपात साखर ढवळत होती. तेवढ्यात तो आला. नेहमीसारखा गडबडीत नाही, हळू, काहीतरी ठरवून आल्यासारखा. त्याच्या शर्टाची बाही भिजली होती, हातात चहाचा कप होता.

“वाटणी चाललीय म्हणे,” तो म्हणाला.

“हो.”

“एखाद्याच्या नावावर जागा राखूनही ठेवता येते म्हणे…”

“येते.”

तो थांबला. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाला, “माझ्यासाठी ठेवशील?”

ठेवाल नव्हे… ठेवशील.

इतक्या महिन्यांत त्यानं तिला कधी तू म्हटलं नव्हतं. थट्टेतसुद्धा नाही. त्या एका शब्दानं तिला सगळं कळलं. तो काय विचारतोय, किती दिवस विचारायचं म्हणत होता, आणि आपण किती दिवस वाट बघत होतो, तेही. हो म्हणायला ओठ उघडलेसुद्धा… आणि खिडकीशी चाललेलं बोलणं एकदम बंद झालं. पूलवाल्यांपैकी एकानं दुसऱ्याला कोपर मारलं.

“एका माणसासाठी जागा राखली की तो नसतानाही ती अडून राहते,” ती म्हणाली. आवाज स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असा. “इतरांची कामं खोळंबतात. तुमच्यासाठी म्हणून वेगळा नियम करता येणार नाही.”

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मग त्यानं मान हलवली. “बरोबर आहे तुमचं,” म्हणाला, आणि चहा तसाच ठेवून गेला.

खोली रिकामी झाल्यावर मैत्रिणीनं कपाळावर हात मारून घेतला. “अगं वेडाबाई, तो काय लायसन्स मागत होता का?”

“मग दुसरं काय?” ती म्हणाली. भाबडा चेहरा करणं तिला किती सोपं गेलं.

“कठीण आहे बाई तुझं. मी सांगू का त्याला, की हिच्या डोक्यात काही शिरलंच नाही म्हणून?”

“नको. तू मध्ये पडू नकोस.” आपणच सांगू, तिनं ठरवलं. ही वाटणी एकदा पार पडू दे, लोकांची तोंडं बंद होऊ देत, मग निवांत सांगू.

वाटणी चोख झाली. साहेबांनी पाठ थोपटली, पूलवाल्यांनी पेढ्यासारखं गोड हसून दाखवलं. पाइपलाइनच्या टीमला त्यांचा वाटा मिळाला, आणि त्यांचं लायसन्स मागायला तिला फोन करायचं कारणच उरलं नाही. तोही टेबलाशी येईनासा झाला. जिन्यात भेटला की बाजूला होऊन वाट द्यायचा, नीट, परक्यासारखा. ती रोज ठरवायची, आज बोलू. रोज काहीतरी काम निघायचं, आणि काम निघालं की तिला सुटल्यासारखं वाटायचं. मग तो लांबच्या साइटवर गेला. पाऊस संपला, थंडी आली, आणि एका सकाळी मैत्रिणीनं बातमी आणली, की पाइपवाल्यानं नोकरी सोडली.

शेवटच्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन तिच्यापुढे येऊन बसला. साइटवर नेट नसतं, म्हणून त्यानं एक लायसन्स उसनं नेलं होतं. ते परत केल्याशिवाय कंपनी त्याला मोकळं करणार नव्हती. तिनं लॅपटॉप जोडून घेतला. काम क्षणाचंच होतं, पण ती सावकाश करत राहिली.

“दुसरी नोकरी चांगली आहे?”

“बरी आहे. घराजवळ आहे.” तो थांबला. “लग्न ठरलंय माझं. घरच्यांनी मुलगी दाखवली… समंजस आहे. मीही हो म्हटलं.”

“अभिनंदन,” ती म्हणाली. पडद्यावरची अक्षरं तिला दिसेनाशी झाली होती.

“एक सांगू? काल तुमची मैत्रीण म्हणाली, त्या दिवशी मी काय विचारलं ते तुम्हाला कळलंच नव्हतं. मी तर धरून चाललो होतो, की सगळं कळून तुम्ही नाही म्हणालात. फार लागलं होतं ते मला. काल ऐकलं आणि… हलकं वाटलं.” तो ओशाळून हसला. “घाईघाईत मी तू सुद्धा म्हटलं होतं. तेही लक्षात आलं नसेल तुमच्या.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर खरंच हलकेपण होतं.

“नाही आलं,” ती म्हणाली.

“आणि कळलं असतं तर?”

“आता कशाला ते…”

“असंच. माझ्यापुरतं.”

“कळलं असतं,” ती म्हणाली, “तर हो म्हटलं असतं.”

तो लॅपटॉप मिटून उठला. “म्हणजे चूक माझीच. चारचौघांत, असं आडून आडून विचारायलाच नको होतं. सरळ विचारायला हवं होतं तुम्हाला.” आणि तिच्या टेबलाच्या कडेवर हलकेच बोटं टेकवून म्हणाला, “येतो. तब्येतीला जपा.”

तो दारापर्यंत गेला. तिथे कुणीतरी त्याला निरोपाचं काही बोललं, तो थांबला, हसला, हात मिळवला. तेवढ्या वेळात तिला उठता आलं असतं. चूक तुमची नाही, मला सगळं कळलं होतं, इतकंच सांगायचं होतं. खोलीत माणसं होती. ती पडद्याकडे तोंड करून बसून राहिली, आणि आपली चूक त्याला सोबत नेऊ दिली.