बाईंची जगप्रदक्षिणा

"प्राचे, ते पाह्य! तहसीलदार!"

उसाच्या रसाचा ग्लास हातात तसाच धरून प्रज्वल ओरडला. प्राचीने जळगाव जामोदच्या बसस्टँडवर इकडून तिकडे नजर फिरवली.

"कुठी? जीप तर दिसत नाई."

"जीपवाला नाई बे! आपला मासा!"

मग प्राचीला दिसलं. बसच्या दारापाशी एक बाई धक्काबुक्की करत उभी होती आणि तिच्या डोक्यावर एक पिवळीजर्द बॅग होती. बॅगेवर निळ्या रंगाने काढलेला भलामोठा मासा होता आणि त्या माशाला झुबकेदार मिशा होत्या!

बॅग अन्नपूर्णाबाईंची होती आणि तो मासा प्राचीने काढला होता. मिशा काढल्या होत्या तिच्या धाकट्या भावाने, म्हणजे प्रज्वलने. आणि त्या मिशा पाहून अन्नपूर्णाबाई पोट धरधरून हसल्या होत्या. "अरे, हे तर तहसीलदार झाले!" असं म्हणून त्यांनीच माशाचं बारसं केलं होतं.

"पण बाई तर बोटीवर आहेत," शिवम म्हणाला. शिवम शेजारचा, आठवीतून नववीत गेलेला, तिघांत मोठा. "बॅग इथं कशी काय?"

अन्नपूर्णाबाई प्राचीच्या घरासमोर राहायच्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्याच. गल्लीतली पोरं रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जमायची. समुद्रातले उष्ण प्रवाह, थंड प्रवाह, सगळं बाईंना तोंडपाठ होतं. पण स्वतः त्यांनी समुद्र कधीच पाहिला नव्हता! म्हणून आयुष्यभर पैसा साठवून त्यांनी जगप्रदक्षिणेच्या बोटीचं तिकीट काढलं. सिडनी, पनामाचा कालवा, भूमध्य समुद्र, सुएझ. पाच महिने नुसतं पाणी आणि बंदरं. या वयात एकटीने कसं जायचं, म्हणून पुतण्या प्रेमानंद आणि त्याची बायको सुवर्णा यांनाही त्यांनी आपल्याच खर्चाने सोबत घेतलं. जानेवारीत सगळ्या गल्लीने हार घालून त्यांना गाडीत बसवलं होतं.

तेव्हापासून गल्लीच्या ग्रुपवर फोटो येत होते. प्रेमानंद पुलासमोर, सुवर्णा झगमगत्या जेवणाच्या टेबलाशी, दोघं डेकवर. खाली लिहिलेलं असायचं : 'काकू आराम करत आहेत. सर्वांना आशीर्वाद!' गल्ली धडाधड अंगठे दाखवायची. प्राचीने बाईंना कितीतरी वेळा आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. उत्तर एकदाही आलं नाही. मग तीही रुसली. बाईंना जग दिसलं, आता आपली आठवण कशाला येईल!

"ती भिमाबाई आहे," प्राची एकदम म्हणाली. "बाईंच्या शेतातली. संत्री खायला गेलो होतो तेव्हा तिनं भाकर देल्ली होती आपल्याले."

तिघं धावले. भिमाबाईचा एक पाय पायरीवर होता.

"मावशी! ही बॅग कुणाची हो?"

भिमाबाईने मागे पाहिलं. प्राचीला ओळखताच तिचा चेहरा उतरला. "मालकानं देल्ली," ती पुटपुटली. "मी लेकीकडे चालली बाळंतपणाले. जाऊ द्या मले."

"आणि बाई?"

भिमाबाईने फक्त एकदा उत्तरेकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या शेताकडे पाहिलं. मागच्यांनी रेटा दिला, ती आत ढकलली गेली आणि बस निघाली.

घरी बाबा कूलरसमोर पडले होते.

"अगं, जुनी बॅग दिली असेल तिला!"

"जुनी कशी असंन बाबा? तीच घेऊन गेल्या ना बाई!"

"मग बोटीवर नवी घेतली असेल. मोठ्या लोकांचं सगळंच मोठं! दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नका. आणि उन्हात फिरू नका, सांगून ठेवतो!" बाबांनी कूस बदलली.

आईला विचारावं तर ती ग्रामीण रुग्णालयात ड्युटीवर. ती सिस्टर होती. ड्युटीवर असताना तिचा फोन कपाटात असायचा.

मागच्या खोलीत तिघं डोक्याला डोकं लावून बसले. "नुसतं विचारलं तर थापा मारतील," शिवम म्हणाला. "असं काही विचारू, की जे फक्त बाईंनाच माहीत आहे."

प्राचीने बाबांच्या फोनवरून प्रेमानंदला लिहिलं : 'काका, बाईंना विचारा ना, आमच्या माशाचं नाव काय ठेवलं होतं? आमची पैज लागली आहे!'

उत्तर यायला वेळ लागला. तोवर प्रज्वलने दाताने अर्धी नखं संपवली. मग फोन वाजला : 'काकू हसल्या. म्हणाल्या, मत्स्यराणी! तुम्हा मुलांना खूप आशीर्वाद.'

बाहेर कूलर घरघरत होता.

"त्यानं विचारलंच नाई," प्रज्वल हळूच म्हणाला.

"विचारणार कुणाले?" शिवम उठला. "चाल. दुपारची बस आहे शेताकडची."

प्राचीने आईच्या दवाखान्यात फोन लावून चौकीदाराकडे निरोप ठेवला, 'आम्ही बाईंच्या शेतावर गेलो, आईला लगेच सांगा.' बाबांचा फोन तिने खिशात टाकला. आपण चोरी करतोय हे तिला कळत होतं.

बस त्यांना फाट्यावर सोडून पुढे गेली. समोर सातपुडा करपलेला, तपकिरी दिसत होता. संत्र्याच्या झाडांचं पाणी तोडलेलं होतं. बहर यावा म्हणून उन्हाळ्यात तोडतातच, पण पानं पार पिवळट पडली होती. हवा भट्टीसारखी होती. बांधावर एक चिमणीही नव्हती.

फाटकाशी कडुनिंबाखाली बाज टाकून भिमाबाईचा नवरा पंजाबराव बसला होता. मुलांना बघताच तो उठला.

"कोणाचे पोट्टे रे तुमी? काय पाह्यजे?"

"संत्री..." प्रज्वलने सुरुवात केली.

"मे महिन्यात संत्री? चाला, निंघा इथून!"

शिवमने प्रज्वलला मागे ओढलं आणि धापा टाकत पुढे झाला. "काका, तुमीच पंजाबराव ना? भिमामावशीले स्टँडवर चक्कर आली! लोकायनं खाली उतरवलं. तुमाले बलावून राह्यले!"

पंजाबरावचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने मोटारसायकलला किक मारली. धुळीचा लोट रस्त्याने दूर गेला.

"खोटं बोलला तू! पाप लागते!"

"लागू दे," शिवम म्हणाला. "पळा!"

विहिरीच्या मागे पाण्याची मोटार ठेवायची टिनाची खोली होती. दाराला बाहेरून कडी. दाराच्या फटीतून आधी वास आला. प्राचीला तो वास आईच्या दवाखान्यातून थोडा ओळखीचा होता. तिने कडी काढली.

आत अंधार आणि वाफ. खाटेवर कुणीतरी होतं. प्रज्वल मागच्या मागे सरकला आणि रडायला लागला, कारण त्याला ते कोण आहे हे कळलंच नाही. केस विस्कटलेले, गाल खोल गेलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा हात कुणी टाकून दिलेल्या वस्तूसारखा पडला होता. पण डोळे उघडे होते आणि ते डोळे बाईंचे होते.

"बाई!"

बाईंच्या घशातून आवाज आला, शब्द नाही. त्यांचा डावा हात छातीवरून उचलला गेला आणि पडला. पाण्याचा तांब्या भरलेला होता. तो उजव्या बाजूला, स्टुलावर ठेवलेला होता. जो हात हलत नव्हता, त्याच बाजूला.

शिवमने तांब्या उचलून ओठांना लावायला घेतला.

"थांब! तसं ओतू नको!" प्राचीने त्याचा हात धरला. "आई म्हणते, गिळता येत नसलं तं ठसका लागते. श्वास अडकते!" तिने ओढणी भिजवली. आधी ओठ ओले केले, मग थेंब थेंब. अंगाला हात लावला तर ते चुलीवरच्या तव्यासारखं तापलेलं. "दार उघडं ठेव शिवम! प्रज्वल, रडू नको, विहिरीवरून बादली आण! चादर भिजवायची आहे!"

बादली जड होती. प्रज्वलने ती अर्धी सांडत, हुंदके देत आणली. पण आणली.

फोनला आत रेंज नव्हती. प्राची बांधावर चढली. आईला निरोप मिळाला होता. पहिल्याच रिंगला तिने उचललं. प्राचीने काय सांगितलं ते तिला नंतर कधी आठवलं नाही. आई मात्र एकदाच म्हणाली, "ऐक. मी एकशे आठची गाडी घेऊन निघते. त्यांना कुशीवर वळवून ठेव. कपडा ओला ठेव. बोलत राहा त्यांच्याशी."

बोलत राहायचं! काय बोलायचं? प्राचीने खाटेजवळ बसून बाईंचा डावा हात धरला. "बाई, मी सातवीत भूगोलात पहिली आले. बाई, प्रज्वलनं ओट्यावरची कुंडी फोडली, पण नवीन ठेवली. बाई, आम्हाला वाटलं तुम्ही आम्हाला विसरल्या..." इथे तिचा आवाज फुटला. बाईंची बोटं तिच्या बोटांवर किंचित घट्ट झाली.

मोटारसायकलचा आवाज आला. पंजाबराव परत आला होता. स्टँडवर काही झालेलं नाही हे त्याला कळलं होतं. रागाने लाल होऊन तो दारात आला. शिवम दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला. तो पंजाबरावच्या खांद्यालाही लागत नव्हता.

"बाजूले हो बे!"

"नाई होत! दवाखान्याची गाडी येऊन राह्यली. पोलीस बी येऊन राह्यले!"

पोलिसांचं शिवमने पदरचंच घातलं होतं. पण पंजाबराव जागच्या जागी थबकला. मग तो उंबऱ्यावर बसला.

"मले काऊन धरता?" तो म्हणाला. "वावरातल्या मारुतीले नारळ फोडाले आले होते ते जाच्या दिवशी. इथंच म्हातारीचं तोंड वाकडं झालं. मी म्हणलो, मालक, दवाखान्यात न्या. तं म्हणे, दवाखान्यात नेलं तं बोट चुकते. म्हणे, मेव्हणा येईन आठ दिवसात, तो नेईन. कोणाले सांगू नको. मेव्हणा आलाच नाई."

"मग तुमी काऊन नाई नेलं?" प्राचीने आतून विचारलं.

"मालकाची भीती वाटे."

"चार महिने?"

पंजाबरावने मान खाली घातली. "भिमा भाकर कुस्करून घाले तिले. ती गेली आज. मले... मले ते जमे ना."

तो आणखी काही म्हणाला असता. पण फाट्याकडून सायरन ऐकू आला आणि प्रज्वल हात हलवत, ओरडत, धुळीतून त्या आवाजाकडे धावत सुटला.

अकोल्याच्या दवाखान्यात बाई कितीतरी दिवस होत्या. पाठीवरच्या जखमा हळूहळू भरत आल्या. डॉक्टरांनी मुलांना जवळ बोलावून सांगितलं, "तुम्ही त्या दिवशी गेला नसता, तर दुसऱ्या दिवशी काही उपयोग नव्हता." आईला मात्र त्यांनी बाजूला नेऊन वेगळंच सांगितलं, ते प्राचीने ऐकलं. झटका आला त्याच दिवशी आणलं असतं, तर बाई कदाचित आज चालत असत्या.

फौजदारसाहेबांनी तिघांचे जबाब घेतले आणि शिवमची पाठ थोपटली. "पोलीस येणार हे तू आधीच ठरवून टाकलंस होय रे!" पंजाबरावने सगळं कबूल केलं होतं. प्रेमानंद आणि सुवर्णा बोटीचा प्रवास संपवून विमानाने परतताच त्यांना विमानतळावर ताब्यात घेणार होते. गल्लीतले लोक फळं घेऊन भेटायला आले. "शाब्बास रे पोट्टेहो!" "नाव काढलं गावाचं!" बाबांनी सगळ्यांसमोर प्राचीच्या डोक्यावर हात ठेवला. "मी झोपलो होतो आणि माझी पोरगी जागी होती," ते म्हणाले.

प्राचीला आनंद व्हायला हवा होता. पण शाब्बास म्हणणारे हे सगळे इतके दिवस फोटोखाली अंगठे दाखवत होते, हे तिच्या डोक्यातून जाईना. आणि ती स्वतः? ती रुसून बसली होती!

त्याच दुपारी आईच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. प्रेमानंद! बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. तो डेकवर उभा होता. चेहरा घामेजलेला.

"ताई, काकूंना द्या ना फोन! एकच मिनिट!"

आईने बाईंकडे पाहिलं. बाईंनी डोळ्यांनीच होकार दिला. प्राचीने फोन त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला.

"काकू! काकू, तुम्ही पोलिसांना सांगा ना, तुम्हीच म्हणाला होता, तुम्ही जा म्हणून! आम्ही मेव्हण्याला सांगितलं होतं हो! काकू, ऐकताय ना?"

बाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर त्याच्या खांद्यापलीकडे कुठेतरी होती. त्यांचे ओठ हलले, जीभ अडखळली.

"स... सर... क."

"काय? काय म्हणतात त्या?"

"बाजूला सरका म्हणतात," प्राची म्हणाली.

प्रेमानंद गोंधळला, पण बाजूला झाला. पडद्यावर नुसता समुद्र उरला. पार टोकापर्यंत निळा, वर पांढऱ्या रेघा, आणि त्या रेघा सारख्या मोडत होत्या, पुन्हा बनत होत्या. कुठूनतरी प्रेमानंदचा आवाज येत होता, विनवण्या करत होता. बाईंनी तो ऐकला की नाही, कोण जाणे. त्या समुद्राकडे बघत होत्या. प्राचीचा हात दुखायला लागला, तरी तिने फोन हलू दिला नाही. शिवम आणि प्रज्वल उशाशी उभे होते.

मग बाईंनी डावा हात हळूहळू उचलला आणि अंगठ्याने लाल बटण दाबलं.

"पाहिला," त्या म्हणाल्या.