चौथा वाटा

खोटं सांगत असेन तर माझ्या घशाखाली घास उतरू नये. तसाही महिनाभर नीट उतरत नाय.

यंदाचाच एप्रिल. मंगळवार, भर दुपार. मुरबाडकडच्या म्हसा गावापासून कोसभर आत आमच्या रुपाचं, माझ्या धाकट्या बहिणीचं सासर. तिचा नवरा अनंता म्हणजे गरीब गाय. घरची कोंबडी कापायला शेजाऱ्याला हाक मारणारा माणूस.

त्या दिवशी गावातले देवजी आणि मनोज त्याला डोहावर घेऊन गेले. वरच्या तारेवर आकडा टाकायचा, पाण्यात करंट सोडायचा, मासे आपोआप वर. अनंतानं फक्त वाटेवर उभं राहायचं. कोणी परका दिसला तर शिट्टी.

वाटेनं गोमाबाबा आला. गावातलाच म्हातारा. लहानपणी अनंताला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलेला.

"कुठं चालला, बाबा?"

"पाय धुतो रे जरा. ऊन बघ केवढं!"

शिट्टी परक्यासाठी. आपल्या माणसासाठी कोण मारतो? बाबा काय कोणाला सांगणार नाय, एवढंच अनंताच्या डोक्यात आलं. पाण्यात करंट आहे, हे मात्र नाय आलं.

पाण्यात पाय पडला...

आणि बाबा आडवा.

बाबाला करंजाखाली निजवलं. "ऊन लागलं म्हणायचं," देवजी म्हणाला. "तोंड उघडायचं नाय कोणी."

मग मासे वाटले. हो, वाटले! मेलेलं माणूस बाजूला ठेवून वाटले.

आमच्याकडं पळसाच्या पानांवर सारखे ढीग लावतात. एकजण पाठ करून बसतो. दुसरा ढिगावर बोट ठेवून विचारतो, हा कोणाचा? पाठमोऱ्यानं न बघता नाव घ्यायचं, म्हणजे भांडण नाय. पाण्यात उतरलेला असो की नुसता उभा असलेला, वाटा सारखाच.

अनंता पाठ करून बसला. मनोज विचारू लागला.

"हा कोणाचा?"

"देवजीचा."

"हा कोणाचा?"

"मनोजचा."

"हा कोणाचा?"

"माझा."

"हा... कोणाचा?"

हा आवाज मनोजचा नव्हता.

अनंता गर्रकन वळला. पानं तीनच होती. मनोज तोंड मिटून पानं बांधत होता. देवजी लांब वायर गुंडाळत होता.

बाबाच्या पायावर करंटचे डाग निघाले, आणि तिसऱ्या दिवशी पोलिसांनी त्या दोघांना उचललं. अनंताचं नाव त्यांनी घेतलं नाय. पण पोलीसपाटील अंगणात येऊन बोलून गेले, "राखण करणारा पण त्यातलाच असतो. कलम सगळ्यांना एकच."

"मी पाण्याला बोट तरी लावलं का गो?" अनंता रुपाला रोज विचारी. तिला सातवा महिना. तिला टाकून आत कसा जाऊ, म्हणून गप्प बसला.

आणि रोज दुपारी, त्याच टायमाला, पाठीमागून...

"हा कोणाचा?"

भिंतीला पाठ लावून बसायचा तो. उठला की उंबऱ्यावर पळसाचं ओलं पान. चुलीत घातलं तरी जळायचं नाय.

"देवजीचा! मनोजचा!" अनंता ओरडायचा. "बाबा, मी नाय मारलं तुला! मी नुसता उभा व्हतो!" दारावर डोकं आपटून रडायचा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग एका दुपारी रुपा चुलीपाशी भाकऱ्या करत होती. दाराकडं पाठ. अनंता अंगणात.

दारातून कोणीतरी विचारलं...

शेजारणीनं काही आणलं असेल, असं वाटलं तिला. न वळताच म्हणाली, "आमचाच. ठेव तिथं."

अनंताच्या कानावर पडलं आणि त्यानं काळीज फाटेल असा ओरडा केला.

"तिचा नाय! तिचा नाय बाबा! माझा... माझ्या एकट्याचा!"

तसाच अनवाणी रस्त्याला लागला. मिळेल त्या जीपनं मुरबाडला गेला आणि पोलिसांपुढं सगळं ओकला. आता तिघं आत आहेत. कलम एकच.

दोन दिवस घरात शांतता होती. तिसऱ्या दुपारी रुपाचा फोन आला.

"दादा... उंबऱ्यावर पान हाय. मी तर नुसते मासे रांधले रे. मला ठाऊक तरी व्हतं का?"

"नाय गो बाय, तुझा काय दोष?" मी म्हणालो. पण बोलता बोलता माझी नजर माझ्याच उंबऱ्याकडं गेली.

कारण त्या मंगळवारी मी आसनगावहून तिला बघायला गेलो होतो. रात्री पंगतीला बसलो. अनंता ताटाला शिवला नाय, तर मीच चेष्टा केली, "काय पावनं, खारट झाले काय मासे?" आणि त्याच्या ताटातले दोन उचलून खाल्ले. बोटं चाटली.

काल दुपारी घरात एकटाच होतो. दाराकडं पाठ करून मोबाईल बघत बसलेलो.

मागून ओल्या पानाचा वास आला...

आणि कोणीतरी विचारलं.

मी अजून उत्तर दिलेलं नाय.