जोडहोडी

समुद्राचं पाणी खरंच खारट असतं का, हे बेबीनंदाला एकदा चाखून बघायचं होतं. पण लोकांसमोर नाही! भोकरदनच्या शाळेत चौथीला भूगोल शिकवणारी बाई किनाऱ्यावर उकिडवी बसून ओंजळीनं समुद्र पिते आहे, हे सहलीतल्या बाकीच्या मास्तरांनी पाहिलं असतं तर त्यांना वर्षभर हसायला विषय झाला असता. म्हणून मालवणला पोचल्यावर पहिल्याच सकाळी, धर्मशाळेत सगळे अजून पांघरुणात असताना ती हळूच निघाली.

डिसेंबरची सकाळ. पायाखाली गारगार वाळू. समोर निळं, हिरवं, मधूनच चांदीसारखं चमकणारं पाणी... आणि त्या पाण्याच्या कडेला आधीच एकजण उकिडवा बसलेला. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, ओंजळ तोंडाला लावलेली.

बेबीनंदाच्या बांगड्या किणकिणल्या. तो दचकून वळला आणि तोंडातलं पाणी भलत्याच वाटेनं गेलं. बिचारा ठसकतच राहिला.

"खारट आहे का?" तिनं विचारलं.

"लई..." डोळे पुसत तो म्हणाला. "एवढी वर्षं पोरांला शिकवून राह्यलो, समुद्राचं पाणी खारट असतं म्हणून. आज पटलं."

ती खळखळून हसली. मग आजूबाजूला बघून तीही खाली बसली आणि ओंजळ भरली. तिचं तोंड असं काही वेडंवाकडं झालं की हसायची पाळी आता त्याची.

"मी सपकाळ. मच्छिंद्र सपकाळ. भोकरदनच्याच हायस्कूलला विज्ञान शिकवतो. गाव पिंपळगाव रेणुकाई."

"मी मगरे..."

"ठाऊक आहे," तो पटकन बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... बसमधी मागच्या बाकावर तुम्ही हसून राह्यल्त्या ना... रस्ताभर. म्हणून."

"रस्ताभर तुम्ही पुढं बघत बसल्ते की मागं?"

बेबीनंदा उठली, पदर खोचला आणि जाताजाता म्हणाली, "चाखल्याचं कोणाला सांगू नका, सर."

"तुम्हीबी," तो म्हणाला. आणि ती माडांच्या आड जाईपर्यंत तिथंच उभा राहिला.

उन्हं वर आली तशी सगळी मंडळी किनाऱ्यावर जमली. सहलीचे म्होरके रामराव गुरुजी, भोकरदनचे हेडमास्तर. बायामाणसांवर लक्ष ठेवायला मालनबाई, शाळेतल्या सगळ्यात जुन्या बाई. समोर एक अजब नाव उभी होती. दोन होड्या शेजारी शेजारी ठेवून आडव्या वाशांनी बांधलेल्या, त्यावर फळ्यांचा माचा आणि मधोमध शीड.

"ही जोडहोडी. विलायतेत हेका कॅटामरान म्हणतत," तांडेलानं, म्हणजे नाव चालवणाऱ्या म्हाताऱ्यानं, अभिमानानं सांगितलं. "उलटूची नाय. आरामात बसा."

आणि खरंच आराम होता. शीड फुगलं, वारा मिळाला आणि नाव पाण्यावरून सरकायला लागली. कोणाला कसली घाई नव्हती. घंटा नाही, हजेरी नाही. मालनबाईंनी चक्क पाय पसरले. बेबीनंदा कडेला बसून पाण्यात बोटं बुडवत राहिली... आणि तिच्या लक्षात आलं, सपकाळ सरांचा आवाज येत नाही.

सर माच्याच्या टोकाला बसले होते. चेहरा हिरवा. डोळे मिटलेले.

"काय झालं, सर?"

"काही न्हाई... जरा..." म्हणेपर्यंत त्यांनी काठावरून मान बाहेर काढली. सकाळचे पोहे समुद्राला अर्पण झाले.

"नाव मच्छिंद्र, आणि होडी लागते?" बेबीनंदा हळूच म्हणाली.

"हसा, हसा... तुमचं काय! मगरे आडनाव. तुम्हाला पाणी कशाला त्रास देईल?" आणि तशा हालतीतही तो हसला. तेच तिला आवडलं. फजिती झाल्यावर चिडणारे पुरुष तिनं पुष्कळ पाहिले होते. स्वतःच्या फजितीवर हसणारा हा पहिलाच.

खडकाळ जागी तांडेलानं नांगर टाकला. पाणी इतकं नितळ की तळातले दगड दिसावेत. त्यानं फळीखालून एक वस्तू काढली. काच बसवलेला रबरी मुखवटा आणि त्याला लावायची वाकडी नळी. त्याचा भाऊ मुंबईच्या गोदीत पाणबुड्या होता, त्यानं दिलेली. "ह्या तोंडार लावायचा, नळी पाण्याच्या वर ठेवायची, आणि उपडा पडून खालची दुनिया बघायची. कोण येता?"

मास्तर मंडळी एकमेकांकडे बघू लागली. कोणी पडशाचं निमित्त सांगितलं, कोणी धोतराचं.

"मी उतरते," बेबीनंदा म्हणाली.

"तुम्ही?" रामराव गुरुजी उठूनच उभे राहिले. "मगरेबाई, हे काय भलतंच! बाईमाणसानं असं... शाळेचं नाव आहे आपल्या मागं."

"गुरुजी, मी पोरांला शिकवते, समुद्राच्या तळाशी प्रवाळ असतं. प्रवाळ म्हणजे काय विचारलं की चित्र दाखवते. एवढ्या लांब येऊन मी चित्रच बघून जायचं का?"

"पण काही झालं तर?"

"मला पोहता येतं. मी उतरणार."

आवाज चढलेला नव्हता, पण त्यात मागं फिरणं नव्हतं. गुरुजी मालनबाईंकडे बघू लागले. मालनबाईंनी मोठा उसासा सोडला, उठल्या आणि बेबीनंदाच्या लुगड्याचा घट्ट कासोटा मारायला लागल्या. "ऐकायची न्हाई ही. मंग बघतेच आहेस तर नीट बघ... अन् वर आल्यावर मलाबी सांग."

पहिला प्रयत्न फसला. नळीत पाणी शिरलं, नाकातोंडात गेलं, डोळे झोंबले. ती काठाला धरून खोकत राहिली.

"बास झालं बाई, वर या," गुरुजी ओरडले.

"न्हाई."

"नाकान नाय, तोंडान श्वास घेवचो. सावकाश," तांडेल म्हणाला.

तिनं मुखवटा पुन्हा घट्ट केला. एक श्वास... दुसरा... आणि ती पाण्यावर उपडी झाली.

सगळे आवाज थांबले. उरला फक्त तिचा श्वास, नळीतून येणारा-जाणारा. खाली दगड फुलले होते! जांभळे, केशरी, मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे तिच्या बोटांजवळून असे गेले, जणू ती तिथलीच कोणी. उन्हाची जाळी सगळ्यांवरून हलत होती. बेबीनंदाला रडूच आलं, आणि पाण्यात रडता येत नाही म्हणून हसू आलं.

वर आली तेव्हा तिनं पहिल्यांदा त्यालाच हाक मारली. "सर! या ना खाली."

"मी? माझे हाल बघून राह्यल्या ना..."

"तुम्हाला होडी लागते, पाणी न्हाई लागत. या जल्दी."

मच्छिंद्रनं सदरा काढला आणि विहिरीत मारतात तशी धपकन उडी मारली. माच्यावर बसलेले सगळे भिजले. आणि काय नवल, पाण्यात पडताच त्याची मळमळ थांबली. तिनं त्याला मुखवटा चढवून दिला, नळी तोंडात कशी धरायची ते दाखवलं. तो बघून वर आला, एक दम घेतला आणि लगेच पुन्हा उपडा झाला.

"कुठं शिकल्या पोहायला?" जरा वेळानं त्यानं विचारलं. दोघं होडीच्या काठाला धरून तरंगत होती.

"केळणा नदीत. पावसाळा सरल्यावर डोहात. तुम्ही?"

"आमच्या मळ्यातल्या विहिरीत."

"आम्हाला कोणी विहिरीत उतरू दिलं असतं, सर? आम्ही बौद्ध. नदीनं तेवढं कधी विचारलं न्हाई." ती चिडून नव्हती बोलली. हवापाण्याचं बोलावं तसं बोलली. पण मच्छिंद्रचा चेहरा उतरला. तो पिंपळगावच्या मोठ्या मराठा शेतकऱ्याच्या घरचा. त्या विहिरीवर कोणाला हाकललं जायचं, हे त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं. मधी मात्र कधी पडला नव्हता.

"बराबर आहे," तो एवढंच म्हणाला.

मग तिला खाली एक निळा मासा दिसला आणि दाखवायला म्हणून तिनं त्याचा हात धरला. मासा कधीच निघून गेला... हात मात्र सुटला नाही. तिनंही सोडवला नाही.

सूर्य बुडायच्या वेळी मंडळी शेंगदाणे खात वाळूत बसली होती. मच्छिंद्र तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"नंदाबाई... मला काही म्हणायचंय. बसमधी तुमचं हसणं ऐकलं तवापासून... म्हणजे आज तर बिलकुलच..."

"सर," तिनं त्याला थांबवलं. तिची नजर सरळ होती. "इथं तुम्हाला कोणी ओळखत न्हाई. इथं बोलणं सोपं आहे. जे म्हणायचं ते आधी तुमच्या वडलांपुढं म्हणा. मंग मला विचारा."

"आणि तवर?"

"तवर मी मगरेबाई, तुम्ही सपकाळ सर."

ती वळली. चार पावलांवर मात्र तिला मागं बघावंसं वाटलंच. तो अजून बघत होता.

शाळा सुरू झाली. संक्रांत आली, तिळगूळ वाटून झाला. मच्छिंद्र दर शनिवारी गावाकडं जायचा आणि सोमवारी परत यायचा. बाजारात समोर दिसला तर मान खाली घालायचा. बोलायचा नाही.

"समुद्रावरचं बोलणं समुद्रावरच राहतं पोरी," मालनबाई म्हणाल्या.

"राहू द्या. पण तसं त्यांनी तोंडानं सांगावं."

इकडं जालन्याचं एक स्थळ चालून आलं होतं. पोरगा नोकरीला, माणसं चांगली. बेबीनंदाचे वडील भिवा गवंडीकाम करायचे. त्यांनी विचारलं, "काय सांगू त्यांला?"

"आबा, मला एकाला एक गोष्ट विचारायची आहे. मंग सांगते." आणि तिनं सगळं सांगून टाकलं. कोण, कुठला, कोणत्या घरचा.

भिवांनी थापी धुऊन कोनाड्यात ठेवली. "एकटी जाशील?"

"एकटीच."

"मंग दिवसाढवळ्या जा. अन् मोठ्या रस्त्यानं जा," ते म्हणाले.

रविवारी ती पिंपळगावला एसटीतून उतरली. इस्त्रीची पांढरी साडी, पायात चपला. भर गावातून, लोकांच्या नजरा झेलत ती सपकाळांच्या ओट्यासमोर जाऊन उभी राहिली. ओट्यावर मच्छिंद्रचे वडील बद्रीनाथ सुपारी कातरत बसले होते.

"कोण?"

"बेबीनंदा मगरे. भोकरदनहून आले. मच्छिंद्र सरांना भेटायचंय."

अडकित्ता थांबला. आतून मच्छिंद्र धावतच बाहेर आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"ह्याच का त्या?" बद्रीनाथांनी विचारलं.

"होय, दादा."

म्हणजे सांगितलं होतं! पण बेबीनंदा थांबली नाही. "सांगितलं, तर मंग मला का न्हाई सांगितलं, सर?"

"दादांचं 'हो' घेऊनच यायचं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "सांगितलं त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत न्हाईत. रोज वाटायचं आज मानतील, उद्या मानतील... अर्धं उत्तर घेऊन तुमच्यापुढं कसं यावं?"

"त्यांचं 'हो' मिळंल तवा मिळंल," बेबीनंदा म्हणाली. "माझं तर तुम्ही अजून विचारलंच न्हाई."

शेजारच्या ओट्यांवर माणसं जमली होती. कोणीतरी खाकरलं. मच्छिंद्रनं वडिलांकडं पाहिलं, मग त्या सगळ्या चेहऱ्यांकडं, आणि ओट्याच्या पायऱ्या उतरून तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"माझ्याशी लग्न करता का?"

"करते."

बद्रीनाथांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. "माझ्या दारात हे व्हायचं न्हाई."

"इथं न्हाई, दादा. औरंगाबादला नोंदणीनं करू." आवाज सुरुवातीला कापला, शेवटी कापला नाही. "पण करू."

बद्रीनाथ मळ्याच्या वाटेनं निघून गेले. त्यांनी मागं पाहिलं नाही. आता काय करावं हे दोघांनाही कळेना... इतक्यात दारातून मच्छिंद्रची आई, गोजरबाई, बाहेर आल्या. भाकरी थापता थापता उठलेल्या, हात पिठाचे.

"अरे, उन्हात किती येळ उभी करतो तिला?" त्यांनी बेबीनंदाचं मनगट धरलं. पांढऱ्या पिठाची पाच बोटं तिच्या हातावर उमटली. "ये. आत ये, जेवून जा."

साऱ्या गल्लीच्या देखत त्यांनी तिला उंबऱ्याच्या आत नेलं आणि चुलीजवळच्या पाटावर बसवलं.

लग्न उन्हाळ्याच्या सुट्टीत झालं. रामराव गुरुजी साक्षीदार म्हणून आले आणि सही करताना भावुक होऊन दोनदा चष्मा पुसला. मालनबाई आल्या. बद्रीनाथ आले नाहीत. गोजरबाई मात्र एकट्या एसटीनं औरंगाबादला आल्या. कचेरीच्या बाकावर त्या एका टोकाला बसल्या, दुसऱ्या टोकाला भिवा. दोघांच्या मधी एका माणसाची मोकळी जागा. दोघंही समोर बघत होते. काय बोलावं, कशा नावानं बोलावं, कोणालाच ठाऊक नव्हतं.

सह्या झाल्या. बेबीनंदा आणि मच्छिंद्र गळ्यात हार घालून बाहेर आली. गोजरबाई उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला, भिवांकडं वळल्या आणि पोराच्या आईनं पोरीच्या बापाला मारायची ती हाक त्यांनी मारली, अगदी रोजच्यासारखी.

"चला ईवाई, पोरांसंगं चहा घेऊ."