अकरा मिनिटांचं अंतर

'मृगशीर्ष' यानावरून आलेला संवाद हेमांगी परुळेकरांनी दोनदा ऐकला आणि हेडफोन टेबलावर आपटले.

"आवाज माझा आहे, पण ही मी नाही," त्या म्हणाल्या आणि तडक डॉ. खोब्रागडेंच्या प्रयोगशाळेकडे निघाल्या.

सिन्नरच्या पठारावरच्या त्या नियंत्रण केंद्रात हेमांगीताईंचा दरारा होता. शीतकचक्राची, म्हणजे इंजिनाची उष्णता बाहेर टाकणाऱ्या यंत्रणेची, त्यांच्याइतकी जाण कुणालाच नव्हती. समोरच्याचं वाक्य त्यांच्याइतक्या झटक्यात तोडणारंही कुणी नव्हतं. मंगळाच्या वाटेवरचं यान आता इतकं दूर गेलं होतं, की इथला शब्द तिथे पोचायला अकरा मिनिटं लागत. अडचणीच्या वेळी एवढं थांबणं परवडणार नव्हतं. म्हणून खोब्रागडेंनी यानावर हेमांगीताईंचा 'प्रतिवक्ता' बसवला होता: त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच पद्धतीनं तिथल्या तिथे उत्तर देणारी संगणकप्रणाली.

गेले दोन दिवस शीतकचक्राचा पंप तापत होता आणि कारण सापडत नव्हतं. इंजिन चालवलं तर जळणार, बंद ठेवलं तर मंगळाची कक्षा चुकणार. अशात यानावरचा तंत्रज्ञ तन्वीर मुजावर प्रतिवक्त्याशी बोलायला बसला.

"मॅडम, पंपाचं तापमान अजून..." तो अडखळला.

"सावकाश सांग, तन्वीर. मी ऐकतेय."

मग तन्वीर म्हणाला, "सफाई करताना झडप बहुतेक मी उलटी बसवली. सांगायची हिंमत होत नव्हती."

"सांगितलंस ते बरं केलंस. आधी पंप बंद कर. मग आपण दोघं मिळून ती सुलटी बसवू."

पंप निवला, मोहीम वाचली. साऱ्या केंद्रानं हेमांगीताईंचं अभिनंदन केलं आणि नेमकं तेच त्यांना झोंबलं.

"तुम्ही त्यात गोडवा घातलात," त्यांनी खोब्रागडेंना दारातूनच सुनावलं. "मला न विचारता!"

"आम्ही काही घातलेलं नाही. प्रतिवक्ता शिकतो तो..."

"मग इतर शास्त्रज्ञांच्या बोलण्यातून उचललं असेल."

"ते शक्यच नाही. यानावरचा प्रत्येक संवाद तुमच्याकडे येतो. त्यावर तुम्ही स्वतःचं उत्तर पाठवता. प्रतिवक्ता आपलं उत्तर त्याच्याशी ताडून बघतो आणि फरक असेल तर..."

"हे मला माहीत आहे. पण मी असं बोलत नाही!"

खोब्रागडे पडद्याकडे वळले. त्यांनी हेमांगीताईंचा उड्डाणानंतरचा पहिला संदेश लावला. आवाज करडा होता, हुकूम सोडल्यासारखा. मग गेल्या महिन्यातला लावला. "तन्वीर, तुझं सगळं ऐकलं. तू घाबरलायस असं वाटलं. नेमकं काय दिसतंय ते तुझ्या शब्दांत सांग."

हेमांगीताई खुर्चीत बसल्या. तो संदेश त्यांचाच होता. बोलल्याचं आठवतही होतं.

"त्याला शिकवणाऱ्या तुम्ही एकट्याच," खोब्रागडे म्हणाले. "तो बदलला, कारण तुम्ही बदललात."

"पण मी कधी बदलले?"

"अकरा मिनिटांच्या अंतरावरच्या माणसाला मध्येच तोडता येत नाही. त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकावंच लागतं. उत्तर पाठवल्यावर पुढचं ऐकायला पुन्हा वाट पाहावी लागते, म्हणून शब्दही विचार करून निवडले जातात. अंतर वाढत गेलं तसं सहा महिने तुम्ही तेच करताय."

हेमांगीताईंना क्षणभर बरं वाटलं. मग त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी तिथे अशी. आणि इथे?"

खोब्रागडे चाचरले. "आत्ता तुम्ही मला दोनदा तोडलंत."

त्या हसल्या, पण ते हसू त्यांनाच बोचलं.

त्या परत खोलीत आल्या, तेव्हा त्यांची सहकारी रेणुका लोणारे वाटच पाहत होती. ती नेहमीसारखी एका दमात बोलू लागली. "मॅडम, झडपेबद्दल थोडं बोलायचं होतं, म्हणजे तन्वीरनं जी बसवली..."

'ते झालं आता', हे शब्द हेमांगीताईंच्या ओठांवर आले. त्यांनी ते गिळले.

रेणुका सवयीनं थांबली. आपल्याला कुणी तोडलं नाही, हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "ती झडप दोन्ही बाजूंनी सारखीच बसते. तन्वीरच्या जागी कुणीही चुकलं असतं. दोष आपल्या आराखड्यात आहे. राखीव पंपालाही तीच झडप आहे, आणि त्याची सफाई उद्या व्हायची आहे."

आराखडा हेमांगीताईंचा होता.

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

रेणुकानं नजर खाली वळवली. "सुरुवात केली होती, मॅडम. दोनदा."

बाहेर पठारावर भणाण वारा सुटला होता. हेमांगीताईंनी हात पुढे करून दुसरी खुर्ची आपल्या शेजारी ओढली.

"बस," त्या म्हणाल्या. "तन्वीरला आपण दोघी मिळून कळवू. त्याआधी मला सगळं सांग. मी मध्ये बोलणार नाही."